ग्रेडरसाहेबांचं आभाळ

हातात काहीही आलं, की आधी ते उजेडाकडे धरायचं, डावा डोळा मिटायचा, मान थोडी मागे घ्यायची आणि म्हणायचं, "फेअर." कापूस असो, तांदूळ असो, लग्नातली जिलेबी असो. माझ्या मुलीला पाहायला आलेला मुलगा अंगणातून बाहेर पडला, तेव्हाही साहेबांनी त्याच्या पाठीकडे एक डोळा मिटून पाहिलं. मी विचारलं, काय वाटतं? "फेअर आहे, मास्तर. घेऊन टाका." तो आज माझा जावई आहे, आणि निकाल चुकला असं मला म्हणता येणार नाही.

ते आमच्या गावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. आमच्या राळेगाव तालुक्यात ग्रेडर म्हणजे काय चीज असते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाबाहेर गाडी लावून रांगेत बसतो. मग हा माणूस येतो, कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर माल काढतो, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढतो आणि एकच शब्द बोलतो. सुपर म्हटलं तर त्या घरी गोडाचं जेवण. फेअर म्हटलं तर नेहमीचं वरण. आणि कवडी म्हटलं, म्हणजे डागी, किडका माल, तर गाडीवाला बैलांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. आमच्या साहेबांच्या तोंडून सुपर हा शब्द फारसा कोणी ऐकला नव्हता. वाळलेल्या पानाचा एक तुकडा दिसला तरी ते म्हणत, "पत्ती आहे. फेअर." शिवाय ते लाच घेत नसत, ही गावाची मोठीच अडचण होती. घेणाऱ्या माणसाशी बोलता तरी येतं. यांच्यापुढे लोक नुसते हात जोडून म्हणायचे, "साहेब, फेअर त फेअर, पण घ्या."

मी त्या गावचा पोस्टमास्तर. माझ्या घराची ओसरी हेच डाकघर. एक टेबल, एक शिक्का, एक तराजू आणि एक कुलपाची पेटी, एवढा सगळा सरकारी डौल. भिंतीपलीकडच्या दोन खोल्या साहेबांनी भाड्यानं घेतल्या होत्या. हंगाम संपला की केंद्रावरचे बाकीचे बाबू आपापल्या घरी पळायचे. साहेबांचं घर यवतमाळला होतं, बापजादे सगळे कचेरीतले, घराला गच्चीही होती. तरी हे इथेच राहायचे. का, तर यवतमाळच्या गच्चीवर चहूबाजूंनी दिव्यांचा उजेड येतो आणि तारे धुतल्यासारखे दिसत नाहीत. यांचा खरा जीव कापसात नव्हताच, तो आभाळाचे फोटो काढण्यात होता.

स्वयंपाकापेक्षा भांड्यांचीच हौस जास्त असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. साहेब त्या जातीचे. आधी दुर्बीण आली. ती माझ्या ओसरीवर उतरली तेव्हा गावात तोफ आल्याची बातमी पसरली, आणि तिचं नाव कायमचं तोफ पडलं. मग तिला जाड तिपाई आली, कारण पहिली हलत होती. मग कॅमेरा जोडायचं कडं आलं. मग फिल्टर यायला लागले. फिल्टर म्हणजे इवल्याशा डबीतली गोल काच. मंगळासाठी तांबडी, गुरूसाठी हिरवी, चंद्रासाठी काळसर. चंद्र फार चमकतो म्हणून तो मंद करायला पैसे द्यावे लागतात, हे ज्ञान मला पोस्टखात्यात राहून मिळालं. साहेबांच्या घरच्या वहिनी म्हणायच्या, "यांच्या बहिणीला पाच वर्षांत एक साडी गेली नाही, आणि चंद्राला गॉगल आला."

सगळ्यांत महागाचा फिल्टर होता तो शहरातल्या दिव्यांचा उजेड गाळून टाकणारा. तो आला त्या हंगामात आमच्याकडे भारनियमन सुरू होतं. संध्याकाळी वीज गेली की गावात कंदील तेवढे दिसत. मी साहेबांना विचारलं, की ज्या गावात दिवाच नाही तिथे दिव्याचा उजेड गाळायचा कसा? साहेबांनी काच उजेडाकडे धरली, डोळा मिटला आणि म्हणाले, "असू द्या, मास्तर. लागेल कधी." मला वाटतं वीजमंडळ जे काम फुकट आणि जिल्हाभर करत होतं, ते या गृहस्थांनी स्वतःच्या पगारातून करायला घेतलं होतं.

ती वर्षं आमच्या जिल्ह्याची मोठी प्रसिद्धीची. कापसाचं काय बिघडलं हे पाहायला दर महिन्याला कोणती ना कोणती समिती यायची. गाड्या यायच्या, धूळ उडायची, चहा व्हायचा, फोटो व्हायचे. एकदा अशाच एका पथकातल्या मोठ्या साहेबांचं लक्ष अंगणातल्या तोफेकडे गेलं. त्यांनी तिच्या चुकीच्या टोकाला डोळा लावला, बराच वेळ आत पाहिलं आणि गंभीर होऊन विचारलं, "हे कोणत्या योजनेतलं?" आमचे साहेब म्हणाले, स्वखर्चातलं. त्या मोठ्या साहेबांना हा प्रकार पूर्वी भेटलेला नसावा. त्यांनी सोबतच्या बाईंना हळूच विचारलं, की स्वखर्च नावाची योजना कोणत्या खात्याची?

आता मुद्द्यावर येतो. साहेब कट्टर विज्ञानवादी होते. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली, की ते ती उतरवायचे, लिंबाचं सरबत करून प्यायचे आणि मिरची वहिनींना भाजीसाठी द्यायचे. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम तिकडून जायचे. पण या माणसाला एक नियम मान्य होता, आणि तो असा, की दुर्बिणीचं नवं सामान घरात आलं की आभाळ येतं. एकदा चहा पिता पिता त्यांनी तो मला सांगितला. म्हणाले, जगभरातले हौशी लोक हेच सांगतात. मी हसलो तर त्यांनी पुरावे मांडले. तोफ आली ती ऐन दिवाळीत, त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला आणि जिनिंगच्या आवारातला कापूस भिजला. चंद्राची काच आली तेव्हा गारपीट झाली. तांबडी आली तर मंगळ दिसायचा तो सबंध पंधरवडा ढगांत गेला. पार्सलांवर शिक्के मीच मारलेले होते. मला नाही म्हणता येईना.

त्या उन्हाळ्यात साहेबांना दुसरं काही सुचत नव्हतं. जून महिन्यात शुक्र सूर्याच्या तोंडावरून चालत जाणार होता. भरदिवसा, सकाळी चढत्या उन्हापासून दुपार कलेपर्यंत, सूर्याच्या गोळ्यावर एक काळा ठिपका सरकताना दिसणार होता. जिवंत माणसांपैकी कोणी हे पाहिलेलं नाही, असं ते सांगायचे. आणखी आठ वर्षांनी एकदा दिसेल, आणि त्यानंतर आपली नातवंडंसुद्धा नसतील. त्यांना फक्त एक फोटो हवा होता. इतकी वर्षं सामान जमवलं त्याचं चीज होईल असा एक फोटो. आजवर त्यांच्या हाताला नाव घेण्यासारखा एकही फोटो लागला नव्हता, हे वहिनी सोडून कोणी बोलून दाखवत नसे. "तुम्ही फोटो काढायच्या वेळी म्हणता, थांबा, अजून चांगलं होईल," वहिनी म्हणायच्या, "आणि तेवढ्यात ढग येतात."

सूर्याकडे उघड्या दुर्बिणीतून पाहिलं तर डोळा जातो. त्यासाठी तोफेच्या तोंडावर बसवायचा खास फिल्टर लागतो, चंदेरी कागदासारखा. तो साहेबांनी हिवाळ्यातच मागवला होता. तो येता येता मृग तोंडावर आला.

आणि इकडे गावाची काय तऱ्हा? त्या वर्षी रोहिणीत एक जोरदार सर पडून गेली होती. मागचं साल कोरडं गेलेलं, त्यामुळे माणसं उतावीळ. ओल दिसताच गावानं आणि शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यानं सरकी मातीत टोबून टाकली. महागाचं नवं बियाणं होतं, पाकिटातलं. कोंब वर आले, आणि पाऊस गेला तो गेलाच. दोन पानांवर आलेली कापसाची पऱ्हाटी दुपारी मान टाकायची. माणसं शेतातून परत येताना आभाळाकडे बघायची, आणि आभाळ असं निळं आणि स्वच्छ, की आमचे साहेब आनंदानं अंगणात येरझारा घालायचे. अख्ख्या गावात निळ्या आभाळाचा हर्ष झालेला तो एकच माणूस होता.

त्याच दिवसांत पार्सल आलं. मी भिंतीवरून हाक मारली. साहेब आले, टेबलावरचा चपटा खोका पाहिला आणि जागीच थांबले.

"मास्तर, हे आलेलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमच्या समोर आहे.

"माझी सही झाली नाही ना? मग आलेलं नाही. शुक्राच्या दिवशी सकाळी घेतो. तोवर तुमच्या पेटीत राहू द्या."

मग आम्हा दोन शिकल्या-सवरल्या माणसांत जो वाद झाला तो ऐकायला तिसरं कोणी नव्हतं हे बरं. वस्तू आली असं केव्हा म्हणायचं? दुकानातून निघाली तेव्हा, गावात पोचली तेव्हा, की सही झाली तेव्हा? साहेबांचं म्हणणं, पोस्टाच्या पेटीत आहे तोवर मालकी सरकारची, आणि सरकारच्या सामानानं आभाळ येत असतं तर जिल्ह्यात ओला दुष्काळ असता. मी म्हटलं, पार्सल थोडे दिवस ठेवायची सोय नियमात आहे, म्हणून ठेवतो. ढगासाठी ठेवत नाही. ते म्हणाले, अर्थात, मीही ढगासाठी म्हणत नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न पाहता खोका पेटीत टाकला आणि कुलूप लावलं.

ही गोष्ट फुटली ती वहिनींच्या तोंडून. पिठाच्या गिरणीवर बायका पावसाचं बोलत होत्या. वहिनी सहज म्हणाल्या, आमच्या यांचं पार्सल पोस्टात अडकवून ठेवलंय, पाऊस येणार कुठून? त्यांनी नियम सांगितला, पुरावेही सांगितले. गारपिटीचा पुरावा तर सगळ्यांच्या छपरांनी अनुभवलेला होता. दळण घरी पोचायच्या आत बातमी तांड्यावर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ओसरी माणसांनी भरली. पुढे तांड्याचे म्होरके, नायक. उंच, पांढऱ्या मिशांचे, धोतर-पागोट्यातले. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलुख फिरायचे, हे मात्र कापसाच्या चार एकरांत रुतून बसले होते. आपल्या माणसांशी गोरबोलीत बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडीत. वाद घालायला मात्र त्यांना भाषा लागत नसे. ते समोर येऊन बसायचे आणि उठायचे नाहीत. केंद्रावर त्यांच्या गाडीला साहेबांनी कितीदा तरी कवडी लावली होती, आणि नायक प्रत्येक वेळी गाडीच्या चाकाला टेकून संध्याकाळपर्यंत बसले होते.

त्यांनी मला विचारलं, की पार्सल आलं ते देऊन काहून नाही राह्यले? मी नियम सांगायला लागलो. ते ऐकून घेत बसले. शेवटी मी भिंतीवरून साहेबांना हाक मारली, कारण नायक उठणार नव्हते आणि मला डाक लावायची होती.

साहेब आले आणि त्यांनी भाषण दिलं. मोसमी वारे, बंगालचा उपसागर, कमी दाबाचा पट्टा, सगळं आलं त्यात. फार चांगलं बोलले. पाऊस हा समुद्रावरून येतो, पोस्टातून येत नाही, असं त्यांनी शेवटी सांगितलं. नायकांनी मिशी सारखी केली.

"म्हंजे पार्सलाचा आन् आभाळाचा काई संबंध नाई?" त्यांनी विचारलं.

"काहीही नाही."

"मंग घ्या ना पार्सल. संबंधच नाई, त भिऊन काहून राह्यले?"

भिंतीपलीकडे वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिक्क्याच्या डबीत काहीतरी शोधायला लागलो. आयुष्यभर विज्ञान सांगितलेल्या माणसाला आता दोनच रस्ते उरले होते. पार्सल न घेता गावासमोर अंधश्रद्धाळू ठरायचं, नाहीतर पार्सल घेऊन शुक्र गमवायचा. बरं, शुक्र हुकेल अशी भीती वाटणं हीच अंधश्रद्धा, हेही त्यांना कळत होतं. गाड्यांमागून गाड्यांवर एका झटक्यात कवडी लिहिणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी दोनदा आभाळाकडे पाहिलं आणि मग सही केली.

तिथेच नारळ फुटला. साहेबांनी नारळाला विरोध केला आणि खोबरं मात्र खाल्लं. खोका उघडला तर आत गोल कड्यात बसवलेला चंदेरी कागद. एवढ्याशासाठी एवढा गाजावाजा, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मंडळींनी वर पाहिलं. आभाळ निळंभोर. जरा वेळ थांबले, मग उन्हातून आपापल्या वाटेनं गेले. पुढचे दोन-तीन दिवसही तसेच गेले. पऱ्हाटी आणखी कोमेजली, आणि साहेबांनी तोफेच्या तोंडावर नवा फिल्टर बसवून सूर्य पाहिला. मला दाखवला. शांत, केशरी, ताटाएवढा. मी घाबरत डोळा लावला होता, पण तो अजिबात टोचला नाही. साहेब म्हणाले, बघा मास्तर, नियम वगैरे काही नसतं. त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता.

शुक्राच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर सबंध आभाळ राखेच्या रंगाचं होतं.

साहेबांनी तोफ जिनिंगच्या आवारात मांडली होती. मी डाक लावून तिथे गेलो, तर जत्रा भरलेली. सगळा गाव आणि सगळा तांडा. कुणाच्या डोक्यावर टोपलं, कुणाच्या कडेवर पोर. शुक्र पाहायला कोणी आलं नव्हतं. पार्सलानं आभाळ आणलं म्हणून पार्सलाच्या मालकाला पाहायला आले होते. बायांनी साहेबांना कुंकू लावलं. साहेबांनी ते पुसलंही नाही. तोफेशेजारच्या खुर्चीत ते खालमानेनं बसले होते, आणि समोर दोन-अडीचशे माणसं वर मान करून. एकाच ढगाकडे सगळे बघत होते. साहेबांना तो जायला हवा होता, गावाला तो फुटायला हवा होता. ढगानं दोघांचंही ऐकलं नाही. दुपार झाली, तो हलला नाही आणि त्यातून थेंबही पडला नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा पश्चिमेकडे ढग जरा विरळ झाले आणि सूर्य दिसला. पुरता नाही. पातळ ढगाच्या पडद्यामागे, फिकट. साहेब उठले, डोळा लावला. मग म्हणाले, "पत्ती आहे, मास्तर. सूर्यात पत्ती आहे." मी पाहिलं. खरंच, कापसात वाळल्या पानाचा कण असावा तसा सूर्याच्या कडेजवळ एक काळा ठिपका, इतका गोल आणि इतका काळा, की माझ्या अंगावर काटा आला.

साहेबांनी कॅमेरा जोडला. बोट बटणावर ठेवलं. आणि बोट तसंच राहिलं.

"कडा साफ नाही," ते पुटपुटले. "ढगाची जाळी येते मध्ये. फेअर आहे. थांबू जरा. साफ होईल, मग सुपर येईल."

वहिनींनी कपाळाला हात लावला. मी घड्याळ पाहिलं. खालून पुन्हा दाट ढग वर चढत होते. ते सगळ्यांना दिसत होते, साहेबांनाही दिसत असणार. पण त्यांच्या बोटाला फेअर माल घ्यायची सवय नव्हती. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचा माल परत पाठवला होता, आता आयुष्यातून एकदा येणारा स्वतःचा मालही परत पाठवायला निघाले होते.

तेव्हा नायक पुढे आले. ते साहेबांच्या अगदी जवळ गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, फेअर त फेअर, पण घ्या."

गर्दीत कुणीतरी हसलं. मग दुसरा कुणी तेच म्हणाला, मग तिसरा. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लावून ज्यांनी ज्यांनी हे वाक्य म्हटलं होतं, ते सगळे तिथे उभे होते, आणि या वेळी त्यांच्या गाडीत काही नव्हतं. ते चिडवत होते की काकुळतीनं सांगत होते हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. माझे डोळे मात्र भरून आले होते.

"आमी फेअरवरच घरं चालोली, साहेब," नायक म्हणाले. "परत नेलेला माल कोनी इचारत नाई. घ्या."

साहेबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं, रीळ पुढे सरकवली, पुन्हा दाबलं. मग ढग चढले आणि सूर्य गेला तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही. पाऊसही आला नाही. तो नंतर त्याच्या सवडीनं आला, काहींची पऱ्हाटी वाचली, काहींना पुन्हा टोबावी लागली. गावात दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, पार्सलानं ढग आणले. दुसरा म्हणायचा, आणले होते, पण फोटो काढला म्हणून गेले. साहेबांशी कोणी भांडलं नाही, कारण दोन्ही पक्षांच्या मते पार्सल अस्सल होतं.

रीळ यवतमाळला धुवून आली. फोटोत फिकट गोळा, त्यावर ढगाची जाळी आणि कडेला ठिपका. साहेबांनी तो उजेडाकडे धरला, डोळा मिटला. "फेअर," म्हणाले, आणि एक प्रत माझ्या ओसरीच्या भिंतीवर लावून दिली. ती अजून आहे. लोक सांगतात, की पुढच्या हंगामात साहेबांचा हात ढिला झाला, सढळपणे सुपर लिहायला लागले. खोटं आहे. पत्ती असली की फेअरच. फक्त गाडी परत पाठवायची वेळ आली, की आता ते स्वतः चालत फाटकापर्यंत जायचे.

पुढे आमचं केंद्रच बंद झालं. साहेबांची बदली दारव्ह्याला झाली, तिथूनच ते निवृत्त झाले. तोफ एका भाड्याच्या जीपच्या टपावर बांधून गेली. गाव वेशीपर्यंत आलं होतं. नायक आले नव्हते. ते माझ्या ओसरीवर बसून राहिले होते.

पुढच्या मृगाआधी एक लहान पार्सल आलं, नायकांच्या नावानं. पाठवणार, आमचे साहेब. आत एक डबी, डबीत निळी काच. त्या काचेचा नायकांना काडीचा उपयोग नव्हता. पण नवं सामान होतं. मी साहेबांना फोन लावला आणि म्हटलं, तुम्ही तर असलं काही मानत नाही. ते म्हणाले, "मी कुठे मानतो, मास्तर? नायक मानतात. मी फक्त पार्सल करतो." त्यानंतर दरसाल मृगाच्या तोंडावर एक डबी यायची. पिवळी, जांभळी, हिरवी. नायक नारळ फोडून ती उघडायचे. काही वर्षं पाऊस वेळेवर आला, काही वर्षं आला नाही. हवामान खात्याचा हिशोब याहून फार निराळा नव्हता.

आठ वर्षं झाली. शुक्र पुन्हा सूर्यावरून जाणार होता, या वेळी सूर्योदयापासून उन्हं चढेपर्यंत. पार्सल आलं, पण डबीचं नव्हतं, चपटं होतं. आणि पाठवणाऱ्याच्या जागी वहिनींचं नाव होतं. बराच वेळ मी त्यावर शिक्का मारू शकलो नाही. मग फोन केला.

वहिनी शांतपणे बोलल्या. साहेब उन्हाळ्यातच गेले होते. शेवटचे दिवस अंथरुणावर होते तरी शुक्राची तारीख त्यांना पाठ होती. "मला म्हणाले, या साली नायकांना नवं काही पाठवू नको. आभाळ यायला नको आहे. माझं जुनंच पाठव."

खोक्यात तोच चंदेरी कागद होता, गोल कड्यासकट. नायक आता काठी घेऊन चालायचे. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मी त्यांना वहिनींचा निरोप सांगितला. नायकांची सरकी घरात पडून होती, पावसाची वाट पाहत. त्यांनी एकदा वर पाहिलं, मग म्हणाले, "थांबते त पाऊस एक दिवस. थांबू दे." त्या साली नारळ फुटला नाही.

त्या सकाळी आम्ही दोघे तांड्यामागच्या बांधावर जाऊन बसलो. काळं, नांगरलेलं रान, आणि त्यावर चढत आलेला सूर्य. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मृगाच्या तोंडावर असं आभाळ पाहून आमच्याकडे कुणाला आनंद होत नाही. आम्हाला झाला. फोटो काढायला आमच्याकडे काही नव्हतं, नुसता तो कागद डोळ्यांसमोर धरायचा. नायकांनी तो उजेडाकडे धरला, डावा डोळा मिटला, मान मागे घेतली. असं कसं बघायचं हे त्यांनी फाटकाबाहेर उभं राहून इतक्या वेळा पाहिलं होतं.

"पत्ती हाये," ते म्हणाले.

"मग साहेबांच्या भाषेत फेअर," मी म्हटलं.

नायकांनी कागद खाली घेतला नाही. त्यांच्या एका हातात काठी होती, म्हणून मी कड्याची दुसरी बाजू धरली.

"साहेब नाई आज, मास्तर," ते म्हणाले. "आज ग्रेडर मी हाओ. लिवा, सुपर."